काळ्या वाळूतला धातू

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून देताना बोलण्याचा सूर तसाच ठेवला आहे.)



पंधरा दिवसांपूर्वी संयोजकांचा फोन आला. म्हणाले, "प्रत्येकाने आपापल्या कामाविषयी वीस मिनिटं बोलायचं आहे. तुझा विषय सांग." मी म्हटलं, "टायटॅनियम." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग उत्तर आलं, "तुला जेवणानंतरचं सत्र देतो. ज्यांना झोपायचं असेल ते झोपतील." तेव्हा मोदक चापून खाल्लेल्या मंडळींनी अजिबात संकोच करू नये. आपल्या दहावीच्या वर्गात पाचव्या तासाला मीही तेच करत होतो, आणि बाईंना ते माहीत होतं.

झोपण्याआधी एक करा. ज्यांच्या जबड्यात स्क्रू बसवून त्यावर दात लावलेला आहे, त्यांनी हात वर करा. सात. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे? दोन. चष्म्याची फ्रेम हलकी आणि महाग आहे, असे? बघा, बरेच निघाले. आपण सगळे पंचावन्न ओलांडलेले. तुमच्यातले निम्मे लोक माझ्या विषयाचे चालतेबोलते नमुने आहेत. त्यामुळे विषय परका नाही.

तसा तो आपल्याला आठवीपासूनच परका नाही. आठवतं का, विज्ञानाचे सर आपल्याला मांडवीच्या काळ्या समुद्रावर घेऊन गेले होते. आपल्याला वाटलं सहल आहे. सरांनी खिशातून नालाच्या आकाराचा चुंबक काढला, कागदात गुंडाळला आणि वाळूतून फिरवला. काळ्या कणांच्या मिशा चुंबकाला लटकल्या. मग त्यांनी उरलेले काळे कण दाखवले, जे चुंबकाला नीट चिकटत नव्हते. सर म्हणाले, "घट्ट चिकटलं ते मॅग्नेटाइट. हे जे आढेवेढे घेतंय ना, ते इल्मेनाइट. ह्या काळ्यात पांढरा रंग लपलेला आहे." आपण हसलो. दुसऱ्या दिवशी प्रयोगवहीत कोणी कणांचा अंदाज चुकीचा लिहिला होता आणि खोडरबराने पुसून दुरुस्त केला होता. सरांनी ती वही वर्गात दाखवली. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "प्रयोगवहीत खोडरबर चालणार नाही. चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारा, बाजूला बरोबर लिहा. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. चूकसुद्धा नोंद असते." ही गोष्ट ध्यानात ठेवा. शेवटी मला तिच्याकडेच यायचं आहे.

गंमत अशी, की सरांनी केला तो प्रयोग टायटॅनियमच्या शोधाचाच प्रयोग होता. १७९१ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात विल्यम ग्रेगर नावाचे एक धर्मगुरू होते. त्यांना खनिजांचा नाद. एका ओढ्यातली काळी वाळू त्यांनी आणली, ती चुंबकाला लागते हे पाहिलं, आणि तपासणी केली तर तिच्यात लोखंडाबरोबर एक अनोळखी पांढरा ऑक्साइड निघाला. चार वर्षांनी जर्मनीत क्लाप्रोट यांना तोच ऑक्साइड दुसऱ्या खनिजात सापडला. त्यांनी ग्रीक पुराणातल्या टायटन नावाच्या महाकाय देवपुत्रांवरून त्याला टायटॅनियम हे नाव दिलं. आपल्या किनाऱ्यावरची काळी वाळू, केरळात चवऱ्याची, तमिळनाडूत मनवलकुरिचीची, ओडिशात छत्रपूरची, सगळीकडे हेच इल्मेनाइट आहे: लोखंड, टायटॅनियम आणि ऑक्सिजन.

आता तुम्ही म्हणाल, वाळूत पडलेला धातू, मग एवढा महाग का? पृथ्वीच्या कवचात हे मूलद्रव्य भरपूर आहे. विपुलतेत त्याचा नववा क्रमांक लागतो. पण त्याला ऑक्सिजनचं विलक्षण वेड आहे. लोखंडाच्या दगडात कोळसा घालून भट्टी पेटवली की लोखंड सुटतं. टायटॅनियम तसं सुटत नाही, उलट कोळशातलं कार्बनच धरून बसतं. शोध लागल्यापासून जवळजवळ शुद्ध धातू हाती यायला ११९ वर्षं गेली. १९१० साली अमेरिकेत मॅथ्यू हंटर यांनी पोलादी बंद भांड्यात सोडियम वापरून तो काढला. कारखान्यात परवडेल अशी रीत त्यानंतर लक्झेंबर्गच्या विल्हेल्म क्रोल यांनी शोधली, आणि १९४८ पासून तिने व्यापारी उत्पादन सुरू झालं.

क्रोल यांची रीत थोडक्यात अशी. काळ्या वाळूपासून मिळवलेल्या ऑक्साइडवर कोळशाच्या सोबतीने क्लोरीन सोडायचा. त्यातून टायटॅनियम टेट्राक्लोराइड नावाचा द्रव मिळतो. तो शुद्ध करून, आर्गॉन वायू भरलेल्या बंद भांड्यात, आठशे अंशांच्या वर वितळलेल्या मॅग्नेशियमवर सोडायचा. मॅग्नेशियम क्लोरीन ओढून घेतं आणि खाली राखाडी रंगाचा सच्छिद्र गोळा उरतो. दिसायला जाळीदार, म्हणून त्याला स्पंज म्हणतात. तो फोडायचा, दाबून कांडी करायची, आणि निर्वात भट्टीत विजेच्या ठिणगीने वितळवायची. आपल्या देशात हैदराबादच्या संरक्षण धातुसंशोधन प्रयोगशाळेने ही रीत बसवली आणि २०११ मध्ये केरळात चवऱ्याला वर्षाला ५०० टन क्षमतेचा स्पंज कारखाना सुरू झाला. किनाऱ्यावरच्या वाळूपासून स्पंजापर्यंत सगळं एकाच गावात. तो कारखाना पाहायला मिळावा ही माझी इच्छा अजून आहे.

एक मात्र सांगून टाकतो. जगात उकरलेल्या टायटॅनियम खनिजाचा फार मोठा भाग धातू होतच नाही. त्याचा पांढरा ऑक्साइड करतात आणि तो भिंतीच्या रंगात, कागदात, प्लास्टिकात, टूथपेस्टमध्ये जातो. या सभागृहाच्या नव्या रंगकामातही तो असणार. सर म्हणाले होते ते अक्षरशः खरं होतं.

आता माझ्या कामाचा धातू. विमानांसाठी टायटॅनियममध्ये ॲल्युमिनियम आणि व्हॅनेडियम मिसळतात. मी आयुष्य काढलं ते मिश्रण न केलेल्या टायटॅनियमवर. बाजारात त्याला कमर्शियली प्युअर म्हणतात, कारखान्यात नुसतं सीपी. हा शब्द मला आवडतो, कारण तो प्रामाणिक आहे. व्यवहाराला पुरेल इतकं शुद्ध, असा त्याचा अर्थ. त्याचे चार मुख्य ग्रेड आहेत. त्यांत फरक मुख्यतः कशाचा, तर ऑक्सिजनचा. ग्रेड १ मध्ये ऑक्सिजन जास्तीत जास्त ०.१८ टक्के, ग्रेड २ मध्ये ०.२५, ग्रेड ३ मध्ये ०.३५ आणि ग्रेड ४ मध्ये ०.४० टक्के. म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या ग्रेडमध्ये पाव टक्क्याचाही फरक नाही. पण ताण सोसायची किमान ताकद ग्रेड १ ची २४० मेगापास्कल आणि ग्रेड ४ ची ५५०. दुपटीहून अधिक. ऑक्सिजन वाढला की धातू कडक होतो आणि वाकण्याची तयारी कमी होते. म्हणून खोलवर दाबून आकार द्यायचा पत्रा ग्रेड १ चा, दाताचा स्क्रू बहुधा ग्रेड ४ चा, आणि टाक्या, पाइप, उष्णता बदलणारी यंत्रं यांना मधला ग्रेड २. माझी भाकरी ग्रेड २ ची.

वजन म्हणाल तर एका घनसेंटिमीटरचं ४.५ ग्रॅम. पोलादाचं ७.८ च्या वर. वितळतं १,६६८ अंशांना, लोखंडाच्याही पुढे. लवचिक मात्र पोलादाच्या दुप्पट, त्यामुळे पत्रा वाकवला की थोडा मागे येतो, आणि नवा माणूस पहिल्या दिवशी माप चुकतोच. उष्णता सावकाश वाहून नेतं, म्हणून लेथवर घेतलं की सगळी उष्णता हत्याराच्या टोकाशी साचते. वेग कमी ठेवावा लागतो, हत्यार धारदार लागतं. बारीक किसाने पेट घेतला तर त्यावर पाणी मारायचं नसतं. पाण्याने आग भडकते. आमच्याकडे कोरड्या वाळूच्या बादल्या ठेवलेल्या असतात. वाळूतून आलेल्या धातूची आग वाळूनेच विझते.

पण लोक टायटॅनियमला पैसे मोजतात ते मुख्यतः गंजत नाही म्हणून. इथे एक गैरसमज काढायला हवा. गंजत नाही याचा अर्थ त्याला हवापाणी लागत नाही असा नाही. उलट, हवा लागताच ते ऑक्सिजनशी संयोग पावतं, इतक्या झटकन की पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर तयार होतो. तो थर घट्ट बसतो आणि आतल्या धातूला झाकतो. ओरखडा काढला तर हवेतला किंवा पाण्यातला ऑक्सिजन घेऊन पुन्हा भरून येतो. त्याचं सगळं टिकाऊपण या जखम भरून येण्यात आहे.

म्हणूनच ते कुठे चालतं आणि कुठे नाही, हे नीट ठरवावं लागतं. खाऱ्या पाण्यात त्याच्यासारखं दुसरं काही नाही. समुद्राचं पाणी वापरणाऱ्या वीजकेंद्रांत वाफ थंड करायला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या टायटॅनियमच्या नळ्या वापरतात. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पांत तेच. नायट्रिक ॲसिड त्याला मानवतं, कारण ते थर टिकवतं. पण हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक ॲसिड थोडं तीव्र आणि गरम झालं की थर विरघळतो. हायड्रोफ्लोरिक तर पातळ असलं तरी खातं. गरम खाऱ्या पाण्यात गॅस्केटखालच्या फटीत, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथे ते आतून पोखरलं जाऊ शकतं. अशा जागी किंचित पॅलेडियम घातलेला ग्रेड ७ वापरतात.

सगळ्यात नवलाची गोष्ट क्लोरीनची. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की कॉस्टिक सोडा मिळतो आणि क्लोरीन निघतो. पूर्वी तिथे ग्रॅफाइटचे अॅनोड असत, ते झिजत जात. १९६० च्या दशकात हेन्री बीअर यांनी टायटॅनियमवर रुथेनियमच्या ऑक्साइडचा लेप देऊन न झिजणारे अॅनोड काढले आणि तो उद्योगच बदलला. त्या सेलमधून क्लोरीन बाहेर पडतो तो गरम आणि पाण्याच्या वाफेने भरलेला. स्टेनलेस स्टील त्याच्यापुढे तग धरत नाही, टायटॅनियम मजेत राहतं. पण तोच क्लोरीन सल्फ्युरिक ॲसिडने कोरडा केला, की टायटॅनियम त्यात पेट घेऊ शकतं! आणि त्या कोरड्या क्लोरीनला साधा लोखंडी पाइप चालतो. म्हणून कूलरपर्यंत टायटॅनियम, ड्रायरनंतर लोखंड. तिथे त्या वायूतला थोडासा ओलावाच टायटॅनियमचा थर राखतो. कारखान्यात नव्याने आलेल्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो: महाग म्हणजे सगळीकडे चांगलं, असं समजू नका.

दातवाल्यांनाही विसरलो नाही. स्वीडनचे ब्रॉनेमार्क १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडात टायटॅनियमचं एक छोटं उपकरण बसवून रक्ताभिसरण पाहत होते. प्रयोग संपल्यावर ते निघेना. हाड धातूला धरून वाढलं होतं. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. तुमचं चणे खाणं त्या सशांमुळे चालू आहे. स्पेनमध्ये बिल्बाओचं गुगेनहाइम संग्रहालय १९९७ मध्ये उघडलं, त्याचं बरंचसं अंग अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ टायटॅनियमच्या पत्र्याचं आहे. टोकियोच्या सेन्सोजी मंदिराच्या मुख्य सभामंडपावर मातीची कौलं काढून टायटॅनियमची कौलं बसवली आहेत. भूकंपाच्या देशात छप्पर हलकं हवं म्हणून. आपण कौलारू घरांतली माणसं, आपल्याला ते लगेच कळेल.

आता ज्यासाठी उभा राहिलो ते.

टायटॅनियमचं ऑक्सिजनचं वेड थंड असताना त्याला तारतं आणि तापल्यावर मारतं. वेल्डिंग करताना धातू वितळतो, आणि नंतर साधारण ४०० अंशांखाली उतरेपर्यंत तो हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन आत ओढत राहतो. मग ग्रेडचं ते पाव टक्क्याचं गणित पार बिघडतं. जोड काचेसारखा ठिसूळ होतो. म्हणून वेल्डिंगच्या टॉर्चमधून आर्गॉन सोडतातच, शिवाय टॉर्चच्या मागे एक लांबट खोका ओढत नेतात, त्यातूनही तापलेल्या जोडावर आर्गॉन पडत राहतो. पत्र्याच्या मागच्या बाजूलाही आर्गॉन. नुसती एक झुळूक आली तरी हे कवच उडून जातं. टायटॅनियमच्या शेडमध्ये पंखा लावायचा नाही, हा पहिला नियम.

कवच नीट होतं की नाही, हे जोडाचा रंग सांगतो. रुपेरी आला तर उत्तम. फिकट पेंढ्याचा रंग चालतो. पुढे जांभळा, निळा आला तर जोड कापायचा आणि पुन्हा करायचा. राखाडी, वर पांढरी भुकटी आली तर बोलायलाच नको. हे रंग म्हणजे पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे दिसतात तसेच, पातळ थरातून प्रकाशाच्या खेळाने होणारे. दागिने करणारे विजेच्या मदतीने हाच निळा मुद्दाम आणतात, आणि तो फार सुंदर दिसतो. जोडावर तो दिसला तर मात्र समजायचं, की तापलेल्या धातूला हवा लागली. रंग हा रोग नव्हे, रोगाची खूण. वायर ब्रशने घासलं तर खूण जाते. रोग आत राहतो.

हे सगळं मला आपल्याच वर्गातल्या एकाने शिकवलं. दहावीनंतर मी इंजिनिअरिंगच्या वाटेने गेलो, तो आयटीआयला गेला. मी ज्या कारखान्यात तपासणी विभागात लागलो, तिथे तो चार वर्षं आधीपासून वेल्डर होता. टायटॅनियमवर त्याचा हात असा, की जोड पाहून मोठे साहेबसुद्धा चष्मा काढून पुन्हा बघत. रंग कसा वाचायचा, खोका किती अंतरावर धरायचा, आर्गॉनच्या सिलिंडरमधला दाब उतरला की आवाज कसा बदलतो, हे त्याने मला डबा खाता खाता शिकवलं. पदाने मी त्याच्या वर होतो. कामात तो माझा गुरू होता.

१९९६ चा मे महिना. क्लोरीनच्या कूलरचं काम, माल त्या रात्री ट्रकवर चढायचा होता. उकाड्याने जीव जात होता. शेजारच्या शेडमध्ये कोणीतरी उभा पंखा लावला आणि त्याचा वारा दारातून आत आला. शेवटच्या नोझलच्या जोडावर हातभर लांबीचा निळा पट्टा उमटला. त्याने टॉर्च बंद केला आणि मला हाक मारली. म्हणाला, "बघ रे. निळा आलाय. हा कापायला लागणार. सकाळपर्यंत देतो."

सकाळ म्हणजे ट्रक चुकणार, उशिराचा दंड बसणार, आणि तारखेची जबाबदारी मी साहेबांसमोर घेतलेली. मी म्हटलं, "ब्रश मार. हायड्रोटेस्टला निघेल काय ते." तो म्हणाला, "मेल्या, हायड्रोटेस्टला नाही निघायचं ते. तुला माहीत आहे." मला माहीत होतं. पाण्याच्या दाबाची चाचणी ठिसूळ जोडही सोसतो, जोवर त्याला धक्के बसत नाहीत. मी पुन्हा म्हटलं, "ब्रश मार." तो माझ्याकडे पाहत राहिला. मग मीच ब्रश घेतला. पट्टा घासला. तपासणीच्या कागदावर लिहिलं, रंग रुपेरी, स्वीकार. खाली सही केली. चाचणी झाली, ट्रक गेला.

चार महिन्यांनी त्या कूलरचा जोड तडकला. रात्रपाळीला क्लोरीनचा वास आला, माणसं मुखवटे चढवून बाहेर आली, प्लांट बंद करावा लागला. कोणाला इजा झाली नाही. हे वाक्य मी तेव्हापासून रोज मनात म्हणत आलो आहे. त्यात माझं श्रेय काही नाही. वारा उलट्या दिशेला होता, एवढंच.

तुकडा प्रयोगशाळेत गेला. जोडाचा कडकपणा शेजारच्या पत्र्याच्या जवळजवळ दुप्पट निघाला. चौकशी बसली. प्रत्येक जोडावर वेल्डरचा नंबर ठोकलेला असतो, त्याला बोलावलं. माझ्या कागदावर तर रंग रुपेरी. तेव्हा चूक कोणाची, हे कागदच सांगत होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "पंखा चालू होता. मी थांबायला हवं होतं." माझं नाव त्याने घेतलं नाही. आणि मी तोंड उघडलं नाही. त्याला टायटॅनियमवरून काढून लोखंडाच्या कामावर टाकलं. दोन महिन्यांत तो सोडून गेला. पुढच्या वर्षी मला बढती मिळाली.

तो नऊ वर्षं आखातात होता, तेलाच्या पाइपलाइनवर. टायटॅनियमला त्याने पुन्हा हात लावला नाही. २००८ च्या गणपतीत मी त्याच्या घरी गेलो. आरती झाल्यावर पडवीत बसून सगळं बोललो. मला वाटलं होतं, तो म्हणेल, जाऊ दे. तो म्हणाला, "तेव्हा बोलला असतास तर बरं झालं असतं." मग आत जाऊन प्रसाद घेऊन आला. ती क्षमा होती की नाही, मला आजही ठाऊक नाही. विचारायचा हक्क मला आहे असं वाटत नाही. मुंबईला परतल्यावर त्या वेळच्या साहेबांना, ते निवृत्त झाले होते तरी, मी सविस्तर पत्र लिहिलं, आणि त्याची प्रत त्याला पाठवली.

त्यानंतर माझ्या हातात जिथे जिथे शेड आली, तिथे मी तीन नियम केले. तपासणी होईपर्यंत जोडाला ब्रश लावायचा नाही. रंगाचा फोटो कागदाला जोडायचा, नुसतं रुपेरी असं लिहून चालणार नाही. आणि काम थांबवायचा अधिकार वेल्डरचा. त्याने थांबवलं, तर तारखेचं उत्तर मी देईन, तो नाही. सुरुवातीला मालक वैतागले. मग परत येणारा माल कमी झाला, तेव्हा गप्प बसले. कापून पुन्हा केलेल्या जोडाचा फोटोही आम्ही फाइलमध्ये ठेवतो, निळ्यासकट. ग्राहक विचारतात, हा कशाला ठेवला? मी सांगतो, आमच्या सरांनी खोडरबर वापरू दिला नव्हता. मध्ये एकदाच मी तो वापरला, त्याची किंमत दुसऱ्याने भरली.

हे इथे का सांगितलं? कारण त्याला ओळखणारी माणसं याच सभागृहात आहेत. तेव्हा गावात बातमी पोचली होती, की त्याच्या हातून खराब काम झालं आणि कंपनीने काढलं. तुमच्यापैकी काहींनी ती मला सांगितली होती, आणि मी मान हलवली होती. ती बातमी खोटी होती. त्याचा हात खराब नव्हता. त्याने निळा पाहिला होता आणि निळा आहे असंच सांगितलं होतं.

या भाषणाआधी मी त्याला फोन केला. परवानगी मागितली. तो म्हणाला, "माझं नाव नको घेऊस. पण निळ्याचं सांग. कोणाची पोरं कारखान्यात असतील, ती ऐकतील." म्हणून नाव घेत नाही. तो आज इथे आला आहे की नाही, हेही सांगत नाही. ज्यांनी ओळखलं असेल त्यांनी त्याला काही विचारू नये. चहा द्यावा, पाठीवर थाप मारावी, पुरे.

विज्ञानाचे सर आज आपल्यात नाहीत. असते तर पहिल्या रांगेत बसून त्यांनी माझ्या आकड्यांत एखादी चूक नक्की काढली असती. सर, एकोणतीस वर्षांपूर्वी मी एक नोंद पुसली होती. आज चारचौघांत तिच्यावर रेघ मारून बाजूला बरोबर लिहिलं आहे. खालचा आकडा वाचता येतो आहे.

मोदकांची झोप मोडली असेल तर क्षमा करा.